औषध कंपनीसाठी ऑनलाइन प्रशिक्षण : आरंभ कोठून करावा?

आयुर्वेदीय औषधे तयार करणाऱ्या लहानमोठ्या कंपन्यांशी आपल्यापैकी अनेक वैद्यांचा निकटचा संबंध असतो. कोणी सल्लागार म्हणून काम करतात, कोणी उत्पादन वा गुणनियंत्रण विभाग सांभाळतात, तर कोणी स्वतःची छोटेखानी रसशाळा चालवितात. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशा वैद्यांपुढे एक मागणी वारंवार येऊ लागली आहे. ती म्हणजे, "आमच्या कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण तयार करून द्या." मागणी करणाऱ्यास ते काम सोपे वाटते. वैद्याने कॅमेऱ्यासमोर बोलावे, कंपनीने ते संगणकावर चढवावे व कर्मचाऱ्यांनी पाहावे, एवढीच त्याची कल्पना असते. आमचीही प्रारंभी तीच कल्पना होती. ती कशी चुकली हे प्रथम सांगून, मग या कामाची सुरुवात कोणत्या क्रमाने करावी याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

एका औषध कंपनीच्या विनंतीवरून आम्ही 'कच्च्या द्रव्यांचे परीक्षण' या विषयावर सुमारे पन्नास मिनिटांचे व्याख्यान ध्वनिचित्रमुद्रित करून दिले. त्यात द्रव्यांची पर्यायनामे, कुल, रस-वीर्य-विपाक, ग्राह्य अंग, संग्रहकाल असे सर्व काही होते. अखेरीस दहा प्रश्न होते. सर्व कर्मचारी उत्तीर्ण झाले व सर्वांना प्रमाणपत्रेही मिळाली. पुढे काही महिन्यांनी त्याच कंपनीच्या गोदामात अशोकाची साल म्हणून आलेली पोती तपासणीविनाच चूर्ण विभागाकडे रवाना झाली. दळण्यापूर्वी एका जुन्या कामगारास शंका आली म्हणून तो माल अडला. ती साल सीताअशोकाची नव्हती, तर रस्त्याच्या कडेला व बंगल्यांच्या कुंपणाशी लावतात त्या उंच, सरळ वाढणाऱ्या खोट्या अशोकाची होती.

आम्ही भांडारपालास भेटलो. ते शांतपणे म्हणाले, "वैद्यसाहेब, अशोकाचे गुण तुम्ही फार छान सांगितलेत. पण पोतं उघडल्यावर नेमकं काय बघायचं, ते त्यात नव्हतं." हे एक वाक्य आमचे डोळे उघडण्यास पुरेसे झाले. रक्तप्रदराने त्रस्त असलेली एखादी स्त्री आपल्या शब्दावर विश्वासून अशोकारिष्ट घेते. तिला गुण न आल्यास आपण अनुपान बदलतो, मात्रा वाढवितो, निदानाचा फेरविचार करतो. बाटलीत अशोकच नव्हता, ही शंका आपल्या मनास शिवतही नाही. म्हणूनच गोदामातील कर्मचाऱ्याचे शिक्षण हा केवळ कंपनीच्या सोयीचा प्रश्न नाही. तो चिकित्सेच्या यशापयशाशी जोडलेला आहे.

निदान प्रथम, चिकित्सा नंतर

प्रशिक्षणाची मागणी येताच अभ्यासक्रम रचावयास बसणे म्हणजे रुग्णाने 'काढा द्या' म्हणताच काढा देण्यासारखे आहे. मागणी हे केवळ लक्षण होय. त्यामागील हेतू शोधला पाहिजे. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर व पीटर पाइप यांनी १९७० मध्ये या निदानाची एक सुटसुटीत पद्धत मांडली. कर्मचारी अपेक्षित काम करीत नाही, तेव्हा त्यास ते येत नाही म्हणून करीत नाही, की येत असूनही करीत नाही, हा तिचा गाभा होय. येत नसेल तर प्रशिक्षण हा उपाय आहे. येत असूनही घडत नसेल तर साधनांचा अभाव, वेळेची घाई, वरिष्ठांचा दबाव अथवा सदोष व्यवस्था यांपैकी काहीतरी आड येत असते व त्यावर कितीही अभ्यासक्रम केले तरी ते निष्फळ ठरतात.

उपरोक्त कंपनीत आम्ही हे निदान उशिरा केले. तेव्हा दोन्ही कारणे आढळली. भांडारपालास खऱ्याखोट्या सालीतील भेद ठाऊक नव्हता. ही ज्ञानाची उणीव झाली. परंतु त्याचबरोबर तपासणी व्हावयाच्या मालासाठी गोदामात स्वतंत्र जागाच नव्हती आणि चूर्ण विभाग यंत्र थांबले म्हणून सतत तगादा लावीत असे. हा व्यवस्थेचा दोष झाला. पहिल्यासाठी पाठ लिहावयाचा होता, तर दुसऱ्यासाठी गोदामात एक जाळीचे दार बसवून त्याची किल्ली गुणनियंत्रण विभागाकडे द्यावयाची होती. औषधनिर्मितीच्या नियमांत २००० साली समाविष्ट झालेल्या व २००३ मध्ये सुधारलेल्या 'शेड्यूल टी'मध्ये कच्च्या मालावर 'परीक्षणाधीन', 'स्वीकृत' वा 'अस्वीकृत' असे लेबल असावे, ही अपेक्षा स्पष्ट आहे. लेबल कसे भरावे हे शिकविता येते. लेबल लावलेले पोते ठेवण्यास जागा मात्र व्यवस्थापनानेच द्यावी लागते.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, लेखणी हाती घेण्यापूर्वी किमान एक पूर्ण दिवस त्या विभागात जाऊन काम पाहावे. कोण काय करतो, कोठे अडतो, कोणास विचारतो, कोणती नोंद नंतर आठवून भरतो, हे टिपून घ्यावे. दर्शन, स्पर्शन व प्रश्न हे परीक्षेचे तिन्ही प्रकार येथेही तितकेच उपयोगी आहेत.

पहिला विषय एकच असावा

उत्साहाच्या भरात कंपनी दहा विषयांची यादी देते. त्यांत स्वच्छता, यंत्रांची निगा, संधान, भस्मपरीक्षा, पॅकिंग, तक्रारनिवारण, विक्री असे सर्व काही असते. सर्व एकदम आरंभिल्यास काहीच पुरे होत नाही. पहिला अभ्यासक्रम निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. चूक झाल्यास रुग्णास वा कंपनीस मोठी हानी पोहोचते काय? ते काम अनेकांना वारंवार करावे लागते काय? त्याची योग्य पद्धत कंपनीत निश्चित व लेखी आहे काय? तिन्ही प्रश्नांस 'होय' असे उत्तर येईल तोच विषय प्रथम घ्यावा.

तिसरी कसोटी विशेष महत्त्वाची आहे. जी पद्धत दोन पर्यवेक्षक दोन प्रकारे सांगतात, तिच्यावर अभ्यासक्रम करता येत नाही. अशा वेळी आधी कार्यपद्धती निश्चित करावी. किंबहुना अभ्यासक्रमाच्या निमित्ताने ही तफावत उघडी पडते, हाही एक मोठाच लाभ होय.

विक्री प्रतिनिधींचे प्रशिक्षण हाही पहिल्या विषयासाठी योग्य पर्याय ठरतो. औषधाविषयी कोणते दावे करावेत व कोणते करू नयेत, याबाबत १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मर्यादा घातल्या आहेत. प्रतिनिधीच्या तोंडून निघालेला एक अतिरंजित शब्द कंपनीस व वैद्यासही अडचणीत आणू शकतो. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही कच्च्या मालाचेच उदाहरण अखेरपर्यंत चालविणार आहोत.

उद्दिष्ट क्रियापदात लिहावे

'कर्मचाऱ्यास अशोकाची माहिती व्हावी' हे उद्दिष्ट नव्हे. माहिती झाली की नाही हे कसे पाहणार? मेगर यांनीच १९६२ मध्ये दाखवून दिले की, चांगल्या उद्दिष्टाचे तीन घटक असतात. शिकणाऱ्याने करावयाची दृश्य कृती हा पहिला, ती कोणत्या परिस्थितीत करावयाची हा दुसरा आणि किती अचूक करावयाची हा तिसरा. त्यानुसार आमचे उद्दिष्ट असे झाले : 'नमुना-पेटी, भिंग व तपासणी-पत्रक जवळ असता, भांडारपाल प्रत्येक पोत्यातून काढलेल्या सालीची बाह्य लक्षणे पत्रकाशी ताडून पाहील, एकही लक्षण न जुळल्यास माल अडवून ठेवील आणि जुळले तरीही गुणनियंत्रण विभागाच्या स्वीकृतीविना तो पुढे सोडणार नाही.'

असे उद्दिष्ट लिहिल्यावर आमच्या मूळ व्याख्यानातील बहुतेक भाग आपोआप गळून पडला. रस-वीर्य-विपाक हा वैद्यास आवश्यक विषय आहे. भांडारपालास आवश्यक आहे ती साल. ती पन्हाळीसारखी वळलेली असते, बाहेरून हिरवट-करडी असून तिच्यावर वल्करंध्रांचे, म्हणजे सालीला हवा मिळते त्या छिद्रांचे, गोलसर ठिपके असतात. आतून ती तांबूस-तपकिरी असते, मोडल्यास कुसळे निघतात, बाहेरील थराखाली पातळ पांढुरकी सलग रेषा दिसते व चव तुरट असते. एवढे त्याने डोळ्यांनी व बोटांनी ओळखावे. सूक्ष्मदर्शक व रासायनिक परीक्षणाने अंतिम निर्णय देणे हे प्रयोगशाळेचे काम आहे, हेही त्यास तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

जे उत्तम जाणतो त्यास गाळणे जड जाते, हा आमचा अनुभव आहे. वैद्याने अभ्यासक्रम लिहिताना सर्वांत मोठा संयम येथेच ठेवावा लागतो.

आराखडा व पटकथा

अभ्यासक्रम रचनेचे पाच टप्पे जगभर रूढ आहेत. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी व मूल्यमापन हे ते टप्पे होत. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकेच्या सैन्यासाठी झालेल्या कामातून ही मांडणी पुढे आली. तिचा अर्थ एवढाच की, कॅमेरा हा तिसऱ्या टप्प्यात येतो, पहिल्या नव्हे.

आराखड्यात विषयाचे लहान पाठ पाडावेत. प्रत्येक पाठात एकच काम असावे. आम्ही पुढे पाच पाठ केले : माल उतरवून घेणे व कागदपत्रे पाहणे, नमुना काढणे, लक्षणे ताडणे, लेबल व नोंद करणे, आणि शंका आल्यास काय करावे. प्रत्येक पाठ पाच-सहा मिनिटांचा ठेवला. या मर्यादेस आधार आहे. फिलिप गुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतील चित्रफिती पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी अभ्यासल्या. चित्रफीत कितीही लांब असली तरी प्रेक्षकाचे लक्ष साधारणपणे सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही, असे त्यांना आढळले. आमच्या पन्नास मिनिटांच्या व्याख्यानाचे काय झाले असेल, हे निराळे सांगावयास नको.

पटकथा लिहिण्याची सोपी रीत अशी. कागदाचे दोन रकाने करावेत. डावीकडे पडद्यावर काय दिसेल ते लिहावे, उजवीकडे काय ऐकू येईल ते लिहावे. स्पष्ट व सावकाश वाचल्यास मिनिटास साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांच्या पाठास पाचशे शब्द पुरतात. जे पडद्यावर लिहिले आहे तेच जसेच्या तसे वाचून दाखवू नये. डोळ्यांस चित्र व कानांस शब्द द्यावेत. डावा रकाना रिकामा राहू लागला, तर तो भाग चित्रफितीऐवजी एका पानाच्या पत्रकात घालावा.

पाठाचा आरंभ व्याख्येने न करता प्रसंगाने करावा. आमच्या तिसऱ्या पाठाचा आरंभ असा आहे : सायंकाळचे साडेपाच वाजले आहेत. टेम्पो दारात उभा आहे. गुणनियंत्रण अधिकारी घरी गेले आहेत. चालक म्हणतो, "नेहमीचाच माल आहे, सही करा, मला पुढे जायचं आहे." पोत्यावर 'अशोक छाल' असे लिहिले आहे. तुम्ही काय कराल? यापुढे तीन पर्याय येतात. सही करून माल आत घेणे, माल परत पाठविणे, अथवा माल उतरवून 'परीक्षणाधीन' जागेत कुलूपबंद करणे व पोचपावतीवर तसे लिहिणे. प्रत्येक पर्याय निवडल्यावर त्याचा परिणाम दिसतो. चुकीचा पर्याय निवडणाऱ्यास 'चूक' एवढाच शेरा देऊन भागत नाही. ते पोते पुढे कोठकोठे जाते, हे त्यास दाखवावे लागते. असा प्रसंग कर्मचाऱ्यास स्वतःचा वाटतो, कारण तो त्याच्याकडूनच ऐकलेला असतो.

भाषा, चित्रे व ध्वनी

भाषा गोदामात बोलली जाते ती असावी. 'आर्द्रता' ऐवजी 'ओल', 'विजातीय द्रव्य' ऐवजी 'माती, काडीकचरा' असे शब्द वापरल्याने शास्त्र उणे होत नाही. अनेक कारखान्यांत मराठीबरोबर हिंदी बोलणारे कामगारही असतात. त्यांच्यासाठी चित्रे तीच ठेवून निवेदन तेवढे निराळे मुद्रित करावे. यासाठी चित्रांवर शब्द कोरू नयेत, ते वेगळे ठेवावेत.

जुने मराठी साहित्य निरनिराळ्या संगणकीय टंकांत टंकलिखित केलेले असते. ते भ्रमणध्वनीवर उघडताच अक्षरांचा काला होतो. तेव्हा सर्व मजकूर आरंभापासून युनिकोडमध्येच तयार करावा.

छायाचित्रांबाबत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. इंटरनेटवरील चित्रे उचलू नयेत. त्यांवर कोणाचा तरी हक्क असतो, हे एक कारण. त्याहून मोठे कारण असे की, वनस्पतींची चुकीच्या नावाने दिलेली चित्रे तेथे विपुल आहेत. प्रमाणित केलेला नमुना समोर ठेवून स्वतः छायाचित्रे घ्यावीत. खरी साल व खोटी साल शेजारी शेजारी, एकाच उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून टिपावी. हीच रीत इतर द्रव्यांनाही लागू पडते. नागकेशराच्या नावाने कोकणातील सुरंगीच्या सुकलेल्या कळ्या येतात, दारुहळदीऐवजी दक्षिणेकडील निराळ्याच वेलीचे पिवळे खोड येते, वावडिंगात सारखी दिसणारी दुसरी फळे मिसळलेली असतात. अशा जोड्यांचा छायाचित्रसंग्रह हीच कंपनीची खरी ज्ञानसंपत्ती ठरते.

ध्वनिमुद्रणासाठी शांत खोली, जाड पडदे व कपड्यास लावावयाचा साधा मायक्रोफोन पुरेसा होतो. चित्र थोडे कमअधिक असले तरी प्रेक्षक सहन करतो. आवाज अस्पष्ट असेल तर तो लगेच पाहणे सोडतो.

साधनांविषयी थोडेसे

नवशिक्याचा सर्वाधिक वेळ व पैसा साधनांच्या निवडीत जातो. वास्तविक हा भाग सर्वांत शेवटी यावा. पाठ कोणी, केव्हा पाहिला व चाचणीत काय उत्तर दिले याची नोंद ठेवणारी एक प्रणाली लागते. २००२ पासून उपलब्ध असलेली 'मूडल' ही मुक्त प्रणाली विनामूल्य वापरता येते. मात्र ती चालविण्यास सर्व्हर व थोडी जाणकारी लागते. तयार सेवा भाड्यानेही मिळतात. निवड करताना 'स्कॉर्म' या मानकानुसार तयार केलेले पाठ ती प्रणाली स्वीकारते काय, हे विचारावे. या मानकामुळे एका प्रणालीत बनविलेला पाठ दुसरीत नेता येतो. त्याची १.२ ही २००१ मधील आवृत्ती जुनी असली तरी पुष्कळ ठिकाणी चालते.

केवळ व्हॉट्सॲपच्या समूहावर चित्रफीत टाकून काम भागत नाही. पोहोचली एवढेच त्यात कळते. समजली की नाही, याची नोंद राहत नाही.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. २००० च्या दशकात असंख्य कंपन्यांनी 'फ्लॅश' तंत्रावर आधारित सुंदर अभ्यासक्रम तयार करून घेतले. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या तंत्राचा आधार संपला व ते पाठ उघडेनासे झाले. ज्यांच्याजवळ मूळ पटकथा, छायाचित्रे व ध्वनी वेगळे जपलेले होते, त्यांना ते नव्याने जुळविता आले. इतरांचे श्रम वाया गेले. म्हणून मूळ साहित्य नेहमी कंपनीच्या ताब्यात, दोन ठिकाणी ठेवावे.

'योग्या'विना अभ्यासक्रम अपुरा

ऑनलाइन पाठाची शक्ती कोठे संपते हे आयुर्वेदाच्या अभ्यासकास निराळे शिकवावे लागू नये. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शास्त्रज्ञानाचे अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा असे तीन उपाय सांगितले. सुश्रुताचार्यांनी तर सूत्रस्थानाचा नववा अध्यायच 'योग्या' म्हणजे प्रत्यक्ष सरावास वाहिला. कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड यांवर छेदनाचा, पाण्याने भरलेल्या चामडी पिशव्यांवर भेदनाचा, कमळाच्या देठावर वेधनाचा सराव करावा, असा त्यांचा उपदेश आहे. शास्त्र पुष्कळ ऐकलेला, पण योग्या न केलेला शिष्य कर्मास अपात्र ठरतो, ही त्यांची भूमिका आहे. आजच्या कंपनीच्या प्रशिक्षणासही ती शब्दशः लागू पडते.

त्यानुसार आम्ही एक नमुना-पेटी तयार केली. तिच्यात क्रमांक घातलेले बारा कप्पे आहेत. काहींत खरी द्रव्ये, काहींत त्यांच्या जागी येणारी खोटी द्रव्ये, तर काहींत ओल लागलेले वा कीड पडलेले नमुने आहेत. पाठ पाहून झाल्यावर कर्मचारी पर्यवेक्षकासमोर ही पेटी हाताळतो व पत्रक भरतो. पडद्यावरील चाचणी व ही पेटी, दोहोंत उत्तीर्ण झाल्यावरच प्रमाणपत्र मिळते. पेटीतील क्रमांक अधूनमधून बदलावेत, अन्यथा उत्तरे पाठ होतात.

तद्विद्यसंभाषेसाठी महिन्यातून एकदा अर्धा तास ठेवावा. भांडार, गुणनियंत्रण व खरेदी या तिन्ही विभागांच्या मंडळींनी त्या महिन्यात अडलेल्या मालाविषयी बोलावे. पाठात न आलेल्या पुष्कळ गोष्टी येथेच कळतात.

चाचणी कशी असावी?

'अशोकाचे लॅटिन नाव काय?' असा प्रश्न स्मरणशक्ती तपासतो. 'या दोन चित्रांपैकी कोणता माल अडवाल व का?' हा प्रश्न निर्णयशक्ती तपासतो. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न लिहिणे कठीण असले तरी तेच लिहावेत. चुकीचे पर्याय मनाने रचू नयेत, प्रत्यक्ष घडणाऱ्या चुकांतून घ्यावेत.

एकदा शिकलेले टिकत नाही, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच प्रयोगाने दाखविले. विस्मरण पहिल्या काही तासांत व दिवसांत सर्वाधिक वेगाने होते. तेव्हा पाठानंतर आठवड्याने, महिन्याने व तीन महिन्यांनी दोन-दोन प्रश्न भ्रमणध्वनीवर पाठवावेत. औषधाचा गुण यावयास मात्रा विभागून द्यावी लागते, तसेच हे आहे.

उपशय पाहावा

अभ्यासक्रम सर्वांस खुला करण्यापूर्वी तीन-चार कर्मचाऱ्यांस देऊन पाहावा. त्यांच्या शेजारी बसावे, पण बोलू नये. ते कोठे थबकतात, कोठे मागे जातात, काय वाचून हसतात, एवढे लिहून घ्यावे. आमच्या पहिल्या प्रयत्नात 'पुढे जा' हे बटनच एका काकांना सापडेना. आम्हांस ते ढळढळीत दिसत होते!

अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्यास ते आवडले काय, तो शिकला काय, कामातील त्याचे वागणे बदलले काय, आणि संस्थेस अपेक्षित फळ मिळाले काय, अशा त्या पायऱ्या आहेत. बहुतेक कंपन्या पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. वस्तुतः तिसरी पायरी खर्चिक नाही. तीन महिन्यांनी गोदामात जाऊन लेबलांविना किती पोती आढळतात व अडवून ठेवलेल्या मालाची नोंदवही भरली आहे की नाही, एवढे पाहिले तरी पुरते. अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वीची स्थितीही याच रीतीने नोंदवून ठेवावी. अन्यथा तुलना कशाशी करणार?

करार, हक्क व नोंदी

बाहेरून सल्ला देणाऱ्या वैद्याने काम सुरू करण्यापूर्वी लेखी करार करावा. पटकथा व छायाचित्रांचे हक्क कोणाकडे राहतील, कंपनी ते साहित्य अन्यत्र विकू शकेल काय, वैद्याचे नाव व आवाज जाहिरातीत वापरता येईल काय, आणि कार्यपद्धती बदलल्यास पाठ कोण सुधारील, हे चार मुद्दे त्यात अवश्य असावेत. शेवटचा मुद्दा बहुधा विसरला जातो. पाठावर आवृत्ती क्रमांक व फेरतपासणीची तारीख घालावी. कालबाह्य पाठ हा पाठ नसण्यापेक्षाही घातक असतो, कारण त्यावर विश्वास ठेवला जातो.

कर्मचाऱ्यांचे गुण ही त्यांची वैयक्तिक माहिती आहे. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे. त्याचे भान ठेवून आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी व नापास झालेल्यांची यादी फलकावर लावू नये. चाचणी शिक्षेचे साधन झाली की कर्मचारी एकमेकांची उत्तरे उतरवू लागतात आणि सर्व खटाटोप व्यर्थ होतो. पाठ पाहण्यासाठी कामाच्या वेळातच अर्धा तास मोकळा ठेवावा. जेवणाच्या सुट्टीत वा घरी जाऊन शिका असे सांगणे न्याय्य नाही व त्याचा उपयोगही होत नाही.

समारोप

नवा अभ्यासक्रम लागू झाल्यानंतर एके सायंकाळी त्याच भांडारपालांचा आम्हांस दूरध्वनी आला. अशोकाचा माल आला होता व आतील रंग त्यांना पत्रकाहून फिका वाटला. त्यांनी सहा पोती जाळीच्या दारामागे ठेवून कुलूप लावले होते. चूर्ण विभागाची बोलणीही खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेने ती साल योग्य असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे त्यांची शंका खोटी ठरली. तथापि आमच्या मते अभ्यासक्रम त्याच दिवशी यशस्वी झाला. शंका येणे, ती आल्यावर थांबणे व थांबल्याची नोंद करणे, एवढेच आम्हांस शिकवावयाचे होते.

आपल्यापैकी ज्यांना अशी विनंती येईल त्यांनी ती अवश्य स्वीकारावी, कारण द्रव्य व रुग्ण या दोहोंस जाणणारा वैद्यच हे काम नीट करू शकतो. मात्र कॅमेरा लावण्यापूर्वी गोदामात जावे, पोते उघडावे आणि ते रोज उघडणाऱ्या माणसास विचारावे की, "तुम्हांला नेमकं काय अडतं?" त्याच्या उत्तरातून पहिला पाठ सुरू होतो.